तुम्ही विचारलंत म्हणून: माळी असताना तुम्ही का राबता?

आमच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत भेटायला येणारी मुलं, सुना, जावई हा प्रश्न हमखास विचारतात. ‘बागेला माळी आहे ना? मग या वयात खुरपं घेऊन तुम्ही कशाला?’ त्यामागची काळजी मला कळते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नुसती हिरवळ डोळ्यांसमोर असली तरी माणसाला बरं वाटतं, हे खरंच आहे. रॉजर उलरिक या संशोधकांनी १९८४ साली दाखवलं की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. पण आम्ही इथे रुग्ण म्हणून आलेलो नाही, आणि आम्हाला बागेकडे नुसतं बघायचं नाही.

त्याआधी, १९७६ साली, एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धनिवासात एक साधा प्रयोग केला. एका गटाला सांगितलं, तुमच्या दिवसाचं तुम्ही ठरवा. हवं ते रोप निवडा, सांभाळायचं तुम्हीच. दुसऱ्या गटालाही रोपं दिली, पण पाणी परिचारिका घालतील असं सांगून. तीनच आठवड्यांत पहिल्या गटातली माणसं अधिक तरतरीत आणि मिसळती झाली. प्रयोग लहान होता, आणि पहिल्या गटाला इतरही निवडी दिल्या होत्या, तेव्हा सगळं श्रेय रोपाला देता येत नाही. मला तर तेच महत्त्वाचं वाटतं. रोप दोन्हीकडे होतं. फरक होता तो ते कोणाच्या भरवशावर आहे याचा.

इथे राहायला आलं की जेवणाची वेळ, धुणं, औषधं, डॉक्टरांची फेरी, सगळं दुसरं कोणीतरी पाहतं. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, ही जाणीव हळूहळू माणसाला आतून पोखरते. वाफ्यातल्या कोवळ्या रोपांचं मात्र अडतं. आज पाणी नाही मिळालं तर उद्या ती माना टाकतात.

‘मग गॅलरीत चार कुंड्या ठेवा की,’ असंही कोणी सुचवतं. ठेवाव्यात, जरूर. पण सामाईक वाफ्यावर वाद होतात, आणि ते वाद मला फार मोलाचे वाटतात. टोमॅटो या कोपऱ्यात लावायचे की त्या, घेवड्याच्या वेलाला मांडव करायचा की नुसत्या काठ्या रोवायच्या, पहिली तोडणी कोणी करायची. हे निर्णय खरोखर आमच्या हातात असतात. शिवाय पाण्याची पाळी असलेलं माणूस सकाळी दिसलं नाही, तर कोणीतरी जाऊन दार वाजवतंच. गॅलरीतली कुंडी दार वाजवायला येत नाही.

शरीराचं म्हणाल, तर पथ्यं आम्ही पाळतो. वाफे साठ ते पंचाहत्तर सेंटिमीटर उंच बांधून घेतलेत, म्हणून फारसं वाकावं लागत नाही. रुंदी सव्वा मीटरच्या आत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. चाकाच्या खुर्चीसाठी एक वाफा टेबलासारखा आहे, खाली गुडघे जातील असा. दहा लिटरची भरलेली झारी म्हणजे दहा किलोंहून जास्त ओझं. त्यापेक्षा दोन लहान झाऱ्या अर्ध्या भरून दोन हातांत घेतल्या की तोल राहतो. खुरप्याच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड केली की सांधेदुखीच्या बोटांना सोपी जाते.

वयाबरोबर तहान कमी जाणवते, म्हणून तहान नसली तरी पाणी प्यायचं. पाण्यावर बंधन असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून. बसल्यावरून झटकन उठायचं नाही. हातमोजे घालायचे, कारण त्वचा पातळ झालेली असते आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साधं खरचटलेलंही वाहत राहतं. धनुर्वाताची लस वेळेवर घ्यायची. खताची पिशवी तोंडाजवळ धरून उघडायची नाही. तिच्या धुळीतून फुफ्फुसांना जंतुसंसर्ग होऊ शकतो.

आणि ज्यांची स्मृती विरत चालली आहे, त्यांना बागेपासून दूर ठेवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नावं विसरली तरी हाताची सवय पुष्कळदा टिकते. झारी दिली की हात आपोआप तिरपा होतो. फक्त कण्हेर, धोतरा यांसारखी विषारी झाडं तिथे नकोत, आणि पायवाट अशी हवी की फिरून पुन्हा सुरुवातीलाच येईल, कुठे अडणार नाही.

एक गोष्ट अवघड आहे. आमच्यातलं कोणी गेलं की वाफ्यातल्या त्यांच्या ओळीचं काय करायचं? आम्ही ठरवलंय, तो हंगाम पुरा होऊ द्यायचा. सगळ्यांनी मिळून पाणी घालायचं, बी धरायचं, आणि नंतरच ती जागा नव्याने आलेल्या माणसाला द्यायची. घरच्यांना हवं असेल तर थोडं बी त्यांनाही देतो.

माळ्याला आम्ही काढलेलं नाही. उकरणं, पोती वाहणं, उंच फांद्या छाटणं ही कामं त्याची. तुम्ही येता तेव्हा तुम्हालाही अशी कामं आहेत: खताचं पोतं उचलून द्या, ढिली झालेली फळी ठोका. कुठे काय लावायचं, ते मात्र आम्हाला विचारा.