पुरळ कुणाला आलं होतं?

बाळ साडेतीन महिन्यांचं, वजन जेमतेम साडेतीन किलो. टॉर्च मारला तर दोन्ही बाहुल्या पांढुरक्या. छातीला स्टेथो लावला, तर आत चक्की चालल्यासारखा सलग आवाज. रजिस्ट्रार डॉक्टरनं कानामागे जोरात टाळी वाजवली. पापणीसुद्धा लवली नाही.

"गरोदरपणात ताप, पुरळ?"

"दुसऱ्या महिन्यात," आई हळूच म्हणाली. "तीनच दिवस होतं, सर. आपोआप गेलं."

संशय रुबेलाचा. मोठ्यांना ताप-पुरळ येऊन जातं, पण गरोदरपणात झाला तर पोटातल्या बाळाला इजा करतो. आमची एक सिस्टर पाचव्या महिन्यात होती. अशा बाळाच्या लाळेतून, लघवीतून विषाणू वर्षभरसुद्धा बाहेर पडत राहतो, म्हणून आधी तिला खोलीबाहेर पाठवलं. मग सवयीनं पुढचा प्रश्न विचारून बसलो: तेव्हा आणखी कुणाला पुरळ आलं होतं?

"हिच्या भाचीला!" सासूबाई तडक म्हणाल्या. "वाढदिवसाला जाऊ नको म्हणून बजावलं होतं मी." सुनेनं मान खाली घातली.

मला जीन टिअर्नी आठवली. जुन्या हॉलिवूडपटांचा नाद आहे मला. १९४४ च्या 'लॉरा'त जिच्या तसबिरीवर डिटेक्टिव्ह भाळतो, ती. त्याच्या आदल्या वर्षी, गरोदर असताना, ती हॉलिवूड कँटीनमध्ये सैनिकांची करमणूक करायला गेली होती. तेव्हाच तिला रुबेला झाला. मुलगी डारिया अपुऱ्या दिवसांची जन्मली. बहिरी, मोतीबिंदू असलेली, बुद्धीची वाढ खुंटलेली. गरोदरपणातला रुबेला आणि बाळाचा मोतीबिंदू यांची सांगड ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्येच घातली होती, पण अमेरिकेत लस यायला १९६९ उजाडलं.

पुढे एका टेनिस पार्टीत मरीन दलातली एक चाहती भेटली. कौतुकानं सांगू लागली: कॅम्पात रुबेलाची साथ होती, तरी बंदी मोडून मी तुम्हाला बघायला कँटीनमध्ये आले होते. टिअर्नी काही न बोलता तिथून निघून गेली.

१९४५ च्या 'लीव्ह हर टू हेवन'मध्ये तिनं पोटातलं मूल नको म्हणून जिन्यावरून स्वतःला झोकून देणारी बाई रंगवली. ऑस्करचं नामांकन मिळालं. शूटिंगच्या वेळी डारिया दोन वर्षांचीही नव्हती, हे कळल्यापासून ते दृश्य मला बघवत नाही. पुढे मानसिक आजार, उपचार म्हणून विजेचे झटके. १९५७ मध्ये ती न्यूयॉर्कला आईच्या फ्लॅटच्या खिडकीबाहेर, उंच कठड्यावर जाऊन उभी राहिली. उपचारांच्या काळात अमेरिकेतल्याच टोपेका शहरात कपड्यांच्या दुकानात विक्रेती म्हणूनही राबली. हे सगळं त्या एका पुरळापायी झालं, असं डॉक्टर म्हणून मी म्हणणार नाही. पण कुणापासून आलं ते कळून तिच्या हाती काय लागलं?

"आजी," मी म्हटलं, "हा आजार पुरळ उठायच्या आठवडाभर आधीपासून पसरतो. ती पोर तेव्हा मजेत खेळत असणार. आणि तिच्याकडूनच आला असं कोण सांगणार? एसटीतही येतो, दवाखान्यातही."

भाचीचं नाव केसपेपरवर लिहिलं नाही. रुबेलाची खात्री करायला रक्त आयजीएम तपासणीला पाठवलं, टू-डी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, चिठ्ठी दिली.

सासूबाई थोडा वेळ गप्प होत्या. मग सुनेच्या मांडीवरून बाळ उचलून त्यांनी विचारलं, "आधी डोळ्यांचं करायचं का हृदयाचं?"