थांबा : शून्य मिनिटं

अमोनियाची ती गाडी सकाळी निघाली तेव्हा आमच्या आराखड्यात सगळे रकाने भरलेले होते. १२ टँक वॅगन, प्रत्येक टाकी ८० घनमीटरची. निर्जल अमोनिया लिटरमागे ०.५३ किलोपेक्षा जास्त भरत नाहीत. ऊन लागलं की द्रव फुगतो, आणि टाकीत वाफेला जागा उरली नाही तर तो सगळा दाब पत्र्यावर येतो. त्या हिशेबानं वॅगनमागे ४२ टन माल आणि रिकाम्या वॅगनचं वजन ३६ टन, म्हणजे १२ वॅगन मिळून ९३६ टन. हा आकडा आम्ही पुलांच्या भारक्षमतेसाठी काढला होता. संध्याकाळी तो भलत्याच कामाला आला.

मार्ग दोन होते. जवळचा २१० किलोमीटरचा, पण त्यातले ९ किलोमीटर दाट वस्तीतून जाणारे. लांबचा २९० किलोमीटरचा, बहुतेक मोकळ्या रानातून. तुलना करताना मार्गाचे छोटे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याची लांबी, त्या प्रतीच्या रुळावर किलोमीटरमागे गाडी घसरण्याची शक्यता, घसरल्यावर टाकी फुटण्याची शक्यता आणि वायूच्या टप्प्यात येणारी माणसं, या चारांचा गुणाकार करून बेरीज घ्यायची. लांबच्या मार्गाची बेरीज जवळच्या मार्गाच्या एक तृतीयांश आली. ८० किलोमीटर जास्त धावूनही तोच सुरक्षित ठरला, आणि आम्ही तो घेतला.

या गुणाकारात सगळा हिशेब धावत्या गाडीचा आहे. उभ्या गाडीसाठी तक्त्यात एकच रकाना होता, 'थांबा', आणि त्यात लिहिलं होतं: ० मिनिटं.

साडेचारला नियंत्रण कक्षातून फोन आला. पुढच्या सेक्शनमधलं रुळाचं काम लांबलं होतं, म्हणून गाडी १७२ व्या किलोमीटरच्या लूपमध्ये, म्हणजे मुख्य मार्गाशेजारच्या थांबायच्या रुळावर, घेतली होती. चालकाचे कामाचे तास संपत आले होते आणि बदली चालक पोचायला तीन तास लागणार होते. "साहेब, हँडब्रेक लावून, इंजिनाला कुलूप घालून गाडी सोडली तर चालेल ना?"

लूपचा नकाशा काढला. उतार शंभरास एक, आणि तोही गाडीच्या तोंडाच्या दिशेनं. सहा किलोमीटर खाली एक गाव. आराखड्यात त्या गावाचा धोका नगण्य होता, कारण गाडी तिथून काही मिनिटांत पार होणार होती. पण सुटलेली गाडी नेमकी तिथेच पोचली असती.

विचारलं, हँडब्रेक किती लावलेत? चार. त्या लाईनवरच्या नियमात किमान चारच होते, त्यामुळे उत्तर बिनचूक होतं. इथे ९३६ चा आकडा आठवला. शंभरास एक उतारावर गाडीला खाली ओढणारं बल वजनाच्या शंभराव्या भागाइतकं, म्हणजे साधारण ९.४ टन. इंजिन स्वतःच्या पार्किंग ब्रेकवर होतं, त्यानं स्वतःचंच वजन धरलंय असं मानलं. आमच्या वॅगनचा हँडब्रेक कागदावर ३ टन धरतो. चार ब्रेक म्हणजे १२ टन, कागदावर पुरेसे. पण झिजलेले ब्रेक ब्लॉक, सैल पडलेले लिव्हर, ओलं चाक, साखळी ड्रमवर नीट न गुंडाळणं आणि मुख्य म्हणजे ब्रेकचं चाक फिरवणाऱ्या हाताचा जोर, या सगळ्यात निम्मं बल सहज जातं. वॅगनमागे दीड टनच धरला तर चारांचे ६ टन होतात. मग गाडी उभी कशी? एअर ब्रेकवर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्रेसरनं भरलेल्या हवेच्या दाबावर.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा होता. हँडब्रेकची चाचणी एअर ब्रेक सोडून घेतली का? नव्हती घेतली. गाडी हलत नाहीये ना, एवढंच पाहिलं होतं.

६ जुलै २०१३ ला कॅनडातल्या लाक-मेगांतिकमध्ये ४७ माणसं गेली, त्या घटनेच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी उतारावर एकटी सोडली होती, हँडब्रेक ७ वाहनांना लावले होते आणि चाचणी घेताना इंजिनाचा एअर ब्रेक लागलेलाच होता. रात्री इंजिनाला आग लागली म्हणून ते बंद केलं गेलं. मग हवा हळूहळू गळत गेली आणि गाडी सुटली. ती ताशी सुमारे १०४ किलोमीटर वेगानं गावात शिरली आणि ६३ टाक्या रुळावरून उतरल्या. चौकशीत निघालं की किमान १७, कदाचित २६ हँडब्रेक लागले असते. एअर ब्रेकनं उभी राहिलेली गाडी इंजिन चालू असेतोच खात्रीची असते. कॉम्प्रेसर थांबला की सांध्यासांध्यातून हवा जाते, आणि किती वेळात जाईल हे कोणी सांगू शकत नाही.

म्हणून चाचणी नव्यानं घ्यायला सांगितली. उताराच्या बाजूच्या चाकांखाली लाकडी पाचरी, थोडी फट ठेवून. चालक केबिनमध्ये, हात ब्रेकवर. चाक आणि रूळ जिथे टेकतात तिथे दोन्हींवर खडूची एक सलग रेघ. मग गाडीचे आणि इंजिनाचे एअर ब्रेक सोडायचे, सिलिंडर रिकामे व्हायला वेळ द्यायचा आणि रेघेकडे पाहत राहायचं. फोन चालूच होता. आधी कपलिंग करकरली आणि मग पलीकडून आवाज आला, "रेघ तुटली." चालकानं लगेच ब्रेक घातले. गाडी बोटभर सरकली होती.

सात ब्रेकवर ती थांबली. हिशेबही तेच सांगत होता : सातांचे साडेदहा टन, गरज ९.४ ची. इतक्या कमी फरकावर अमोनिया ठेवत नाहीत. बाराही लावून घेतले, परत चाचणी झाली, १० मिनिटं रेघ जागची हलली नाही. मग एअर ब्रेक वरून घातले, केवळ जादा आधार म्हणून. लूपचा पॉइंट, म्हणजे रूळ बदलणारा सांधा, मुख्य मार्गापासून तोडून कुलूपबंद केला आणि गाडीजवळ माणूस बसवला. त्याला वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसायला सांगितलं. अमोनिया हवेपेक्षा हलका असतो हे खरं, पण दाबाखालचा द्रव फुटून बाहेर आला की साधारण पाचवा हिस्सा जागच्या जागी वाफ होतो आणि बाकीचा बारीक तुषार होऊन उणे ३३ अंशांच्या आसपास थंड होतो. तो ढग हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत सरपटतो. 'वर उडून जाईल' या समजुतीनं माणसं खोलगट भागात थांबतात.

ब्रेक लावताना वॅगनचे नंबर वाचले गेले तेव्हा आणखी एक चूक निघाली. यादीतली चौथी वॅगन प्रत्यक्षात नववी होती. शंटिंगमध्ये, म्हणजे यार्डात वॅगन मागेपुढे करून जोडताना, क्रम बदलला होता आणि यादी जुनीच राहिली होती. त्या वॅगनचा एक व्हॉल्व्ह नुकताच बदललेला होता. गळती झाली असती तर अग्निशमनवाले चौथ्या टाकीशी शोधत बसले असते. यादी तिथेच दुरुस्त करून चालकाकडे आणि कक्षाकडे दिली.

रात्री आकडेमोड पुन्हा केली. उभ्या गाडीसाठी वेगळं पद घातलं : तास, ब्रेक सुटण्याची शक्यता आणि उताराखालची माणसं. भोवतालची माणसं मोजून इथे भागत नाही. लूपमधला तीन तासांचा एकटा मुक्काम धरल्यावर लांबचा मार्ग जवळच्याच्या बरोबरीला आला. मार्ग आम्ही तोच ठेवला, पण निघण्याची वेळ पाच तास मागे घेतली, म्हणजे चालकबदल सपाट जागेवरच्या, कायम माणूस असलेल्या स्टेशनात होतो. १७२ व्या किलोमीटरचा लूप या मालासाठी बंद केला. आणि थांब्याच्या रकान्यात आता मिनिटांसोबत उतार आणि हँडब्रेकची संख्या भरावी लागते.

बदली चालक पावणेआठला पोचले. निघताना हँडब्रेक सोडण्याची मोजणी अकरावर अडली. एखादा लागलेला राहिला तर चाक घासत जाऊन सपाट होतं, तापतं, आणि पुढे कुठेतरी रूळ सोडतं. अंधारात बॅटरी घेऊन प्रत्येक साखळी हातानं हलवून पाहिली. दहाव्या वॅगनची ताणलेली होती. ती सैल झाल्यावर, सव्वाआठला, गाडी लूपमधून निघाली.