आमची वाटचाल: फरशीखालची ओल

शहाबादी फरशी बसवणारे गवंडी म्हणून आम्ही सोलापुरात कामाला लागलो आणि जुळे सोलापुरात घरे वाढू लागली, तेव्हा टाइल्सच्या बाथरूममधील गळती काढणे हाच आमचा मुख्य व्यवसाय झाला. पुढे अनेक वर्षे काम नीट चालले. दुकान बंद पडण्याची वेळ कशी आली, ते मात्र सांगितलेच पाहिजे.

शहरात एक नवा ठेकेदार आला. ‘फोडतोड नाही, एका दिवसात गळती बंद, दहा वर्षांची हमी’ अशी त्याची पत्रके घरोघर पोचली. टाइल्सच्या सांध्यांवर पारदर्शक रसायन फासून तो आमच्या निम्म्या दरात काम उरकत असे आणि आम्ही केवळ मजुरी वाढवण्यासाठी फरशी काढतो, असे गिऱ्हाइकांना सांगत असे. हा आरोप आजही सलतो. टाइल आणि सांध्यांत भरलेले सिमेंटचे ग्राउट पाणी पूर्ण अडवत नाहीत. ते काम खालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचे असते. तो थर नाणी ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, तोंडाशी फाटला असेल, तर वरून काहीही फासले तरी कोब्यात, म्हणजे टाइलखालच्या भरावात, मुरलेले पाणी खालच्या छतात उतरतच राहते. तरीही लोकांना स्वस्त दर पटला. आमचे जुने मिस्त्री पुण्याला गेले आणि ग्राइंडरही विकायला काढावा लागला.

अशा वेळी साखर पेठेतील आमच्या जुन्या गिऱ्हाईक, एक निवृत्त शिक्षिका, पुन्हा आमच्याकडे आल्या. त्यांच्या माहेरच्या घरात शॉवरखालच्या खोलीत चादरींचे माग होते आणि ती हमीची दुरुस्ती होऊनही तयार मालावर थेंब पडत होते. गळती अखंड चालू असेल तर संशय पाइपवर घ्यावा, अंघोळीनंतरच वाढत असेल तर फरशीवर. तरीही आम्ही आधी प्रेशर पंप लावून पाइप निर्दोष असल्याची खात्री केली. मग ग्राइंडरने सांधे कापून पातळ छिन्नीने टाइल्स सोडवल्या. येथे ब्रेकर, म्हणजे फोडण्याचे विजेचे यंत्र, लावू नये, कारण त्याच्या हादऱ्याने शेजारचा चांगला थरही तडकतो. ट्रॅपभोवतीचा थर फाटलेलाच निघाला. कोपऱ्यांत वाटा (सिमेंटची गोलाई) मारून, फायबरची जाळी बसवून, जमिनीवर आणि शॉवरच्या भिंतीवर सहा फुटांपर्यंत वॉटरप्रूफिंगचे आडवा-उभा असे दोन हात दिले. त्यानंतर ट्रॅपला बूच लावून 48 तास पाणी उभे करायचे होते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात बाईंनी त्यासाठी साठवणीचे पाणी दिले. छत कोरडे राहिले आणि त्यांच्या शब्दावर पेठेतील कामे परत येऊ लागली.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग घालवण्यासाठी फरशीवर ॲसिड ओतू नये, त्याने ग्राउट खाल्ले जाते. ठेकेदार कोणताही नेमा, परंतु पाणी उभे करून पाहिल्याशिवाय त्याला टाइल बसवू देऊ नका. ही चाचणी करायला ज्यांना वेळ नसतो, त्यांचे काम आम्ही आजही घेत नाही.