कासव नवं आहे, जरा दम धरा

"कासव आणून चार दिवस झाले. कोपऱ्यात तोंड खुपसून बसलंय, पानाला तोंड लावत नाही. काय करू?" जमिनीवरची कासवं पाळत असल्यामुळे हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो, की एकदा सविस्तर लिहूनच टाकते. थोडक्यात उत्तर असं, की कासवाचं काहीही करू नका. जे काय करायचं ते त्याच्या घराचं करा.

(जमिनीवरच्या कासवांच्या सगळ्या जाती 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत आहेत. आपल्याकडे ती पाळायला परवानगी आहे का, कागदपत्रं आहेत का, हे घरी आणण्याआधी बघायचं असतं. ते झालंय असं धरून पुढे लिहिते.)

नव्या जागी कासव काही दिवस, कधी आठवडाभरही खात नाही. धडधाकट, मोठ्या कासवाला तेवढ्यानं काही होत नाही. पण "बुजलंय, खाईल हळूहळू" असं म्हणण्याआधी थर्मोमीटर बघा. कासवाला ऊब बाहेरूनच घ्यावी लागते. पाला पचतो तो आतड्यातल्या सूक्ष्मजंतूंमुळे, आणि गारठ्यात त्यांचंही काम थंडावतं. पेटी गार असेल तर भूक लागत नाही, आणि खाल्लंच तर ते पोटात तसंच पडून राहतं. भूमध्य समुद्राभोवतीच्या जातींना दिव्याखाली ३२ ते ३५ अंश सेल्सियस लागतं आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला २० ते २४. कधी शेकायचं आणि कधी सावलीत जायचं हे त्याचं त्याला कळतं; आपण दोन्ही टोकं द्यायची. त्यासाठी पेटी लांबट हवी, खोकं लहान असलं की सगळीकडे सारखंच तापतं. दिव्याखाली हात धरून अंदाज बांधू नका, कासवाच्या पाठीच्या उंचीवर मोजा. आणि शक्य असेल तर हे सगळं कासव येण्याआधी दोन-तीन दिवस चालवून बघा.

उबेच्या दिव्याखेरीज अतिनील किरणांचा, यूव्हीबी दिवाही लागतो. त्याशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम लागू पडत नाही आणि हाडं, कवच मऊ पडतात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन इथे उपयोगाचं नाही, कारण काच हे किरण अडवते. दिवा दिसायला झकास पेटत असला तरी त्यातली यूव्हीबी कमी होत जाते, म्हणून तो ठरावीक मुदतीनं, साधारण सहा ते बारा महिन्यांत, बदलायचा. रात्री दोन्ही दिवे बंद. खोली फारच गार होत असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा.

काचेच्या टाक्यांबद्दल माझं मत वाईट आहे. काच ही भिंत आहे हे कासवाला उमगत नाही. ते पुढचे दोन्ही पाय काचेवर खरवडत राहतं, कोपऱ्यात उभं राहतं, घसरतं, पुन्हा चढतं. लोक त्याला "खेळतंय" म्हणतात. टाकी आधीच घेतली असेल तर खालच्या भागाला बाहेरून जाड कागद चिकटवा. बरीचशी खरवड त्यानंच थांबते. लाकडी, अपारदर्शक भिंतींची पेटी सगळ्यात बरी.

आत लपायला जागा हवीच, एक ऊबदार टोकाला आणि एक गार टोकाला. खाली अंग पुरता येईल इतका मातीचा थर, किंचित दमट. नुसती वाळू नको, ती खाण्याबरोबर पोटात जाते. लपलेल्या कासवाला बाहेर काढून "हे बघ, इथे पान आहे" असं दाखवू नका. उचललं की भीतीनं ते मुततं, आणि मूत्राशयातलं ते पाणी म्हणजे कासवाची साठवण. डोकं आत ओढताना फुस्स आवाज येतो तो रागाचा नाही, फुप्फुसातली हवा बाहेर पडते. पायांची धपधप त्याला जमिनीतून जाणवते, म्हणून पेटी वर्दळीत किंवा स्पीकरशेजारी ठेवू नका. मुलांना पहिले काही दिवस नुसतं बघू द्या, आणि हात लावलाच तर नंतर साबणानं धुवायला लावा. धडधाकट कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

एका कामासाठी मात्र उचलायचं, ते म्हणजे आंघोळ. पसरट भांड्यात कोमट पाणी, हनुवटीच्या खालीच राहील इतकं, पंधरा-वीस मिनिटं. आधी ते बाहेर पडायची धडपड करतं. मग मान लांब करून नाक पाण्यात बुडवतं, आणि गळ्याखालची कातडी लयीत वर-खाली व्हायला लागते. ते पाणी पितंय. नंतर पाण्यात पांढरी, मऊ पेस्ट दिसली तर घाबरू नका, ते युरेट, म्हणजे लघवीबरोबर बाहेर पडणारा क्षार आहे. खड्यासारखं टणक असेल तर पाणी कमी पडतंय.

खाणं म्हणजे भरपूर तंतू असलेला पाला, गवत, रानटी भाज्या, जास्वंदीची पानं-फुलं. भूमध्य जातींना फळं नकोत. कुत्र्या-मांजराचं खाणं कोणत्याच कासवाला रोजचं म्हणून देऊ नका.

दिव्याखाली चढण्यासारखे दगड रचू नका. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाखाली असतात, उलटं पडलं की बाकीच्या अवयवांचा भार त्यांवर येतो. वर दिवा तापलेला असेल तर जीवावर बेततं. पाण्याचं ताटलंही उथळच हवं, यांना पोहता येत नाही.

किती दिवस थांबायचं? तापमान, दिवे, पाणी सगळं ठीक असूनही मोठं कासव दोन आठवड्यांत तोंड लावत नसेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला डॉक्टर गाठा. पिल्लासाठी एवढं थांबू नका. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, सुजलेले मिटलेले डोळे, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी. जाताना ताजी विष्ठाही न्या, जंत तपासता येतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवलंत तर डॉक्टर खूश होतील.

आणि हमखास येणारा पुढचा प्रश्न, "एकटं आहे म्हणून उदास असेल, सोबतीला दुसरं आणू का?" नको. कासवांना सोबत लागत नाही. नर तर एकमेकांना धडका देतात, चावतात. दुसरं आणायचंच असेल तर कित्येक महिने वेगळ्या पेटीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवा, कारण वरून ठणठणीत दिसणारं कासवही श्वसनाचा आजार घेऊन येऊ शकतं.