रविवारची वेचणी

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी रात्रपाळीत होतो. "शाळेनं तुम्हाला काय दिलं यावर दोन पानं लिहा," असं सांगितलं. मी म्हटलं, लिहितो, पण मला शाळेपेक्षा शाळेतल्या एका सिस्टरांशी माझं वीस वर्षं चाललेलं भांडण लिहायचं आहे. पलीकडून हसल्याचा आवाज आला. "कोणत्या सिस्टर ते कळलं," असं म्हणून फोन ठेवला. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. दहावी मार्च २००६ ची बॅच ओळखेलच.

मी पाचवीत आलो तेव्हा आमच्या घरात दोन पक्ष होते. बाबांचं म्हणणं, कॅथलिक सिस्टरांची शाळा चांगली आहे, मास्तर रोज येतात. आजीचं म्हणणं, "पोट्ट्याले बाटवतीन त्या. तिथलं कायी खाऊ नोको." वर्गात कॅथलिक पोरं चार. बाकी आम्ही कुणबी, बौद्ध, बंजारा, कोलाम, गोंड. धर्मशिक्षणाच्या तासाला ती चौघं उठून चॅपलमध्ये जायची आणि आम्हाला मूल्यशिक्षण असायचं. त्या चौघांचा तास सुटला की त्यांना गोळ्या मिळतात, आपल्याला नाही, एवढीच आमची तक्रार होती. पुढे राज्यघटनेतलं २८ वं कलम वाचलं. पालकांच्या संमतीशिवाय मान्यताप्राप्त शाळेत कुणावर धर्मशिक्षण लादता येत नाही, असं त्यात आहे. सिस्टरांना ते दाखवलं तर म्हणाल्या, घटनेचं सोड, आमच्या व्हॅटिकन परिषदेनंही १९६५ साली तेच लिहिलंय, श्रद्धा जबरदस्तीनं होत नसते. आजीला यातलं काही सांगायची सोय नव्हती. ती दर शुक्रवारी माझं दप्तर उघडून आत क्रूस वगैरे आहे का ते बघायची.

सिस्टर केरळच्या. मराठी आधी पुस्तकातून शिकल्या आणि मग वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बायांकडून. त्यामुळे शुद्धलेखन सांगताना एक भाषा आणि रागावताना दुसरी. "काऊन रे, गृहपाठ काऊन नाई केला?" एक गोष्ट मात्र आम्हाला झोंबायची. आम्ही डोळ्याला 'डोया' म्हणायचो आणि काळ्याला 'काया'. सिस्टरांचा 'ळ' मल्याळममधून आलेला, त्यामुळे अगदी खणखणीत. वऱ्हाडातल्या पोरांना मराठीतला 'ळ' शिकवायला केरळची बाई लागली, यावर आमचे मराठीचे सर वर्षभर तोंड लपवून होते.

आता भांडणाची सुरुवात. १४ ऑगस्ट २००४, शनिवार, सकाळची शाळा. मी नववीत. दुसऱ्या दिवसाच्या झेंडावंदनासाठी मैदानावर कवायत चालली होती. कोलकात्याच्या तुरुंगात त्या पहाटे एकाला फाशी झाली होती आणि कुणीतरी घरून रेडिओ ऐकून आलं होतं. बातमी रांगेतून पसरली. आमच्यातल्या एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. मीही. गुन्हा ऐकून अंगावर काटा यावा असाच होता. एका शाळकरी मुलीचा जीव गेला होता.

सिस्टर पायऱ्यांवर उभ्या होत्या. त्यांनी ओरडून टाळ्या थांबवल्या नाहीत. आपोआप थांबेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "ती पोरगी माझ्याही पोटात कालवते. पण आज सकाळी अजून एक मेलाय. त्याले पण आई हाय." मग कवायत बाजूला राहिली आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली. १९४१ साली आउशवित्झच्या छळछावणीत एक कैदी पळाला म्हणून दहा जणांना उपाशी मारायची शिक्षा झाली. दहातला एक जण माझी बायको, माझी पोरं म्हणून रडू लागला, तेव्हा कोल्बे नावाचा एक पोलिश धर्मगुरू रांगेतून पुढे आला आणि याच्या जागी मला घ्या म्हणाला. दोन आठवड्यांनी, १४ ऑगस्टलाच, त्याला विषारी सुई देऊन संपवलं. ज्याच्यासाठी तो मेला तो माणूस जगला आणि १९८२ साली पोपने कोल्बेला संत जाहीर केलं तेव्हा तिथे हजर होता.

माझा हात वर गेला. "सिस्टर, कोल्बे निर्दोष होता. हा दोषी होता. दोन्ही सारखे कसे?"

"जीव देणारा एकच हाय ना," त्या म्हणाल्या. एवढंच. मला पटलं नाही. पुढे वाचलं तेव्हा कळलं की चर्चचा अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथसुद्धा तेव्हा इतकं स्पष्ट बोलत नव्हता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या 'जीवनाची सुवार्ता' या परिपत्रकात फाशीची गरज आता जवळजवळ उरलेली नाही असं म्हटलं होतं, पण दार थोडं उघडं ठेवलं होतं. ते पूर्ण बंद झालं २०१८ साली, पोप फ्रान्सिस यांच्या काळात. म्हणजे मैदानावरच्या आमच्या सिस्टर पुस्तकाच्या चौदा वर्षं पुढे होत्या. हे मी त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "मी पुढे नाई, पुस्तक हळू चालते."

दुसरी गोष्ट लिहायला बसलो आणि तीन दिवस उठलो. २००५ ची दिवाळी १ नोव्हेंबरला होती. त्याच्या आठ दिवस आधी आमच्या बाबांनी स्वतःला संपवलं. कसं, कुठं ते लिहीत नाही. कापूस उभा होता, लांब धाग्याचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला १९८० रुपये, आणि सावकाराचा हिशेब त्यात कुठेच बसत नव्हता. त्या काळात आमच्या पट्ट्यात दर आठवड्याला असं एखादं घर असायचं. आपलं होईल असं कुणालाच वाटत नाही.

सिस्टर दुसऱ्या दिवशी आल्या आणि आईजवळ ओट्यावर बसल्या. दुपारभर एक शब्द बोलल्या नाहीत. बोलली ती आजी. बायांनी तिच्या डोक्यात भरवलं होतं की असं मेलेल्याला गती नाही, तो भटकतो. आजीनं सिस्टरांचा हात धरला आणि विचारलं, "शिष्टरबाई, तुमच्या देवाजोळ तरी माह्या पोराले जागा हाय का?"

मी दारात उभा होतो. मला वाटलं, नाही म्हणतील. कारण मूल्यशिक्षणाच्या तासाला त्यांनीच शिकवलं होतं की जीव आपल्या मालकीचा नाही, आपण राखणदार. जिवाचा सातबारा आपल्या नावावर नसतो.

सिस्टर म्हणाल्या, "आजी, त्यानं केलं ते बरोबर नाई केलं. पण दुःखानं डोकं फिरते तेव्हा माणूस पुरता त्याचा नसते. देवाले त्याच्यापर्यंत जायच्या वाटा ठाऊक हायत. आम्हाले त्या सगळ्या ठाऊक नाईत." हे त्यांचं दुःखाच्या घरातलं सांत्वन आहे असं मी तेव्हा समजलो. नर्सिंगला असताना ग्रंथालयात चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ हाती लागला, १९९२ चा. परिच्छेद २२८२ आणि २२८३. जवळपास तेच. आत्महत्या गंभीर चूक आहे, पण तीव्र मानसिक यातना माणसाची जबाबदारी कमी करतात, आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये. ज्या चर्चच्या १९१७ च्या कायद्यात अशा माणसाला ख्रिस्ती दफन नाकारलेलं होतं, त्याच चर्चनं १९८३ च्या कायद्यातून ती बंदी काढून टाकली. संस्था चुका कबूल करताना आवाज करत नाहीत, नुसतं एक कलम गळतं. पण ते गळलेलं कलम आमच्या ओट्यापर्यंत पोचलं होतं.

कापूस कुणासाठी थांबत नाही. मजूर सगळीकडे लागलेले, आईला घराबाहेर पडता येत नव्हतं. ३० ऑक्टोबरला रविवारी साडेनऊच्या सुमारास मी वावरात गेलो तर तिथे तीन सिस्टर, स्वयंपाकाच्या बाई आणि सुट्टीत घरी जाऊ न शकलेल्या वसतिगृहातल्या दोन मुली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, आटोपून आलेल्या. राखाडी साडीवर वेचलेला कापूस ठेवायची ओटी बांधलेली. मी म्हटलं, सिस्टर, आज रविवार, तुमचा तर काम न करण्याचा दिवस. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुझा बैल विहिरीत पडला तर तू सोमवारची वाट पाह्यशीन?" हे लूकच्या शुभवर्तमानातलं आहे, चौदावा अध्याय, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढं वाटलं की हिला आमचा बैल माहीत आहे.

त्यांना वेचता येत नव्हतं, हेही लिहायला हवं. पूर्ण उमललेलं बोंड सोडून अर्धवट उघडलेल्यात बोटं घालायच्या. बोंडाची टोकं रुतून बोटं सोललेली. कापसात पाचोळा आणि मध्येच कवडी, म्हणजे खराब कापूस. तिसऱ्या रविवारी आई पहिल्यांदा वावरात आली, त्यांची ओटी बघितली आणि म्हणाली, "शिष्टरबाई, हा कापूस हाय का केर?" बाबा गेल्यावर आईच्या तोंडून आलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. सिस्टर इतक्या हसल्या की ओटी सुटली.

संध्याकाळी आजीनं काटा लावला. आईचा एकतीस किलो, सिस्टरांचा अकरा. आजीनं अकरा किलोची मजुरी मोजून त्यांच्या हातावर ठेवली. मला लाज वाटली. सिस्टरांनी पैसे घेतले, पदराला बांधले आणि म्हणाल्या, "मजूर मजुरीले पात्र असते, हे येशूनं सांगून ठेवलं." त्या दिवसापासून आजीनं माझं दप्तर तपासणं बंद केलं.

'पात्र' हा शब्द दोन-तीन महिन्यांनी पुन्हा आमच्या घरी आला. शेतकरी आत्महत्येच्या पात्र प्रकरणात कुटुंबाला १ लाख रुपये मिळत, काही हातात, काही ठेवीत. आमचं प्रकरण अपात्र झालं. सातबारा आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या नावावर, तेव्हा बाबा कागदावर शेतकरीच नव्हते. कर्ज सावकाराचं, त्याला कागद नाही. वीस वर्षं नांगर धरलेला माणूस एका ओळीत शेतकऱ्यातून बाद. मी तो कागद घेऊन सरळ शाळेत गेलो. मला वाटतं मी सिस्टरांवरच ओरडलो. तुम्हीच म्हणता ना जिवाचा सातबारा आपल्या नावावर नसतो? बघा, सरकारही तेच म्हणतंय.

त्यांनी कागद दोनदा वाचला. 'अपात्र'वर बोट ठेवून म्हणाल्या, "आमच्या मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या आधी सगळे म्हणतात, प्रभू, तू माझ्या घरी यावंस इतका मी पात्र नाई. मी म्हणते. फादर म्हणतात. अमरावतीचे बिशप म्हणतात, रोममध्ये पोप म्हणतात. मंग तुहा बापच एकटा अपात्र कसा?"

त्यानं पैसे आले नाहीत. पण दहावीचा फॉर्म भरला गेला.

आता भांडणाचा राहिलेला भाग, कारण सगळं गोडच लिहिलं तर सिस्टरच रागावतील. मी परिचारक झालो, ग्रामीण रुग्णालयात आहे. तिसऱ्या-चौथ्या बाळंतपणाला पांढरीफटक होऊन आलेली बाई मी पाहिली आहे, आणि तिला कॉपर-टी बसवून घे असं सांगणं हे माझं रोजचं काम आहे. चर्चनं १९६८ साली पुन्हा ठामपणे मांडलेलं म्हणणं याच्या विरोधात आहे. गर्भपाताचा आपला कायदा १९७१ चा, २०२१ मध्ये काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत गेली. सिस्टरांच्या लेखी गर्भ पहिल्या क्षणापासून माणूस. माझ्या लेखी समोर रक्त जाणारी बाई आधी. फोनवर दोघांचेही आवाज चढतात आणि दोघांपैकी कुणी हरत नाही. मात्र गर्भ पाडू नका म्हणणारे पुष्कळ भेटतात, जन्मलेल्याला कोण पोसणार असं विचारलं की पांगतात. सिस्टरांच्या वसतिगृहात घरच्यांना नको झालेल्या मुली वाढलेल्या मी बघितल्या आहेत. त्यामुळे त्यांच्याशी भांडताना मी जरा खालच्या पायरीवर उभा असतो.

एका बाबतीत मात्र त्यांनी मला चकित केलं. शेवटच्या टप्प्यातल्या एका आजोबांना घरी नेऊ का, असं त्यांच्या मुलांनी मला विचारलं होतं. मला वाटलं सिस्टर म्हणतील, शेवटच्या श्वासापर्यंत नळ्या लावा. त्या म्हणाल्या, मरण लांबवायचा हट्ट धरायला आमचा धर्मही सांगत नाही. त्याले पाणी द्या, दुखणं कमी करा, हात धरा, पण मारू नका. आजोबा आपल्या खाटेवर, अंगणात, चौथ्या दिवशी गेले.

सिस्टर आता केरळला त्यांच्या मंडळाच्या वृद्धाश्रमात असतात. ऐकू कमी येतं, त्यामुळे भांडण सोपं झालंय.

२ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्यासाठी चॅपलमध्ये नावांची यादी करतात. २००५ साली आजीच्या समोर सिस्टरांनी त्या यादीत बाबांचं नाव लिहिलं. पुढल्या वर्षापासून ऑक्टोबर लागला की आजीच मला विचारायची, "यंदा नाव टाकलं का रे?" आजी गेल्यावर तिचंही नाव जोडलं. आता चिठ्ठी आई देते. गेल्या वर्षी फादर नवीन होते, झारखंडचे. चिठ्ठी उलटसुलट करून बघितली, दोन्ही नावं आपल्या धर्मग्रामातली, म्हणजे आपल्या चर्चच्या माणसांतली नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं असणार. त्यांनी काही विचारलं नाही. मिस्सेत यादी वाचली तेव्हा आमचं आडनाव त्यांना नीट जमलं नाही, 'ळ' कुठेतरी सटकला. मागच्या बाकावरून आईनं मोठ्यानं दुरुस्त केलं.