गेंटिंगच्या रस्त्यावरचं बातांग काली

मलेशियाहून आल्यापासून सगळेजण पेट्रोनास टॉवर्सचे फोटो मागतायत, टाकते नंतर. बाटू केव्हज झालं, लंकावी झालं, लंकावीत गर्दी फार होती आणि समुद्र सुंदर होता, बस. मला लिहायचंय ते बातांग कालीबद्दल, जिथे 1948 मध्ये ब्रिटिश सैनिकांनी चोवीस निःशस्त्र माणसांना मारलं, कारण ती दुपार अजून डोक्यातून जात नाहीये आणि घरी कोणाला सांगायला गेलं की 'हे कुठे आलं मध्येच' असे चेहरे होतात.

मी परळची. डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर ही कम्युनिस्ट पुढाऱ्यांची नावं लहानपणापासून कानावर पडलेली. 1929 मध्ये मुंबईतून या सगळ्यांना उचललं आणि खटला चालवला कुठे तर मीरतला, कारण तिथे ज्युरी लावावी लागणार नव्हती, हेही ऐकलेलं. त्यामुळे ब्रिटिश सरकार कम्युनिस्टांशी कसं वागलं हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला नाही. मलायात, म्हणजे ब्रिटिशांच्या ताब्यातल्या तेव्हाच्या मलेशियात, काय झालं ते थोडंफार वाचलं होतं, आणि तिकीट काढतानाच नवऱ्याला सांगून ठेवलं होतं की बाकी सगळं तुझ्या मनासारखं, एक दिवस माझा.

क्वालालंपूरमध्ये आधी तुगू नगारा बघितलं, राष्ट्रीय स्मारक. ब्राँझचे सैनिक, पंधरा मीटरच्या वर उंची, कारंजी, पर्यटकांच्या बसेस. 1948 ते 1960 ही बारा वर्षं कम्युनिस्टांशी लढाई झाली, तिच्यात मेलेल्या सैनिकांचंही हे स्मारक. 1975 मध्ये कम्युनिस्टांनी तिथे स्फोट केला होता, नंतर दुरुस्त केलं. बारा वर्षं चाललेल्या या लढाईला सरकारने युद्ध म्हणलं नाही, 'इमर्जन्सी' म्हणलं. असं सांगतात की युद्ध म्हणलं असतं तर लंडनच्या विमा कंपन्यांनी रबरमळ्यांच्या आणि कथलाच्या खाणींच्या नुकसानीचे पैसे दिले नसते. आणि मलायाचं रबर आणि कथील म्हणजे महायुद्धानंतर कर्जात बुडालेल्या ब्रिटनला डॉलर मिळवून देणारी सगळ्यात मोठी गोष्ट. हे डोक्यात ठेवलं की पुढचं बरंच कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केएल सेंट्रलवरून लोकल पकडली. स्वच्छ, एसी, बसायला जागा. बातांग काली स्टेशनवर उतरलो तर बाहेर ऊन असं की बोलवत नव्हतं. गाडी बुक केली, ड्रायव्हर निघाला तमिळ, साठीचा, मी अण्णा म्हणायला लागले आणि तो खूश. कुठे जायचं सांगितल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुम्ही चिनी नाही, तमिळ नाही, तुम्हाला काय करायचंय तिकडे? मी म्हणलं अण्णा, आमच्याकडेही हेच ब्रिटिश सरकार होतं. मग तो बोलायला लागला तो थांबलाच नाही.

झालं होतं ते असं. जून 1948 मध्ये पेराकमधल्या सुंगाई सिपुटला तीन युरोपियन मळेवाल्यांना गोळ्या घातल्या गेल्या, इमर्जन्सी लागली, पुढच्या महिन्यात कम्युनिस्ट पार्टीवर बंदी आली. गंमत नाही, पण पार्टीचा पुढारी चिन पेंग, ज्याच्या मागे नंतर सगळं लष्कर लागलं, त्याला जपान्यांविरुद्ध लढल्याबद्दल याच ब्रिटिशांनी ओबीई हा किताब दिला होता. आणि डिसेंबर 1948 मध्ये ब्रिटिश लष्कराच्या स्कॉट्स गार्ड्सची एक तुकडी बातांग कालीजवळच्या रबरमळ्यात आली. चिनी मजुरांच्या वस्तीतल्या बायका-मुलांना वेगळं केलं, ट्रकमध्ये बसवून नेलं. पुरुषांपैकी एकाला आदल्या संध्याकाळीच मारलं होतं, बाकीच्यांना 12 तारखेला सकाळी. एकूण चोवीस माणसं. हत्यार एकाकडेही नव्हतं. एकजण बेशुद्ध पडला म्हणून तेवढा वाचला. झोपड्या जाळून टाकल्या. सरकारी खुलासा काय, तर पळून जात होते म्हणून गोळीबार केला. आणि मग पुढच्याच महिन्यात नियमांत कलम घातलं की पळणाऱ्याला थांबवण्यासाठी जीव घेणारा बळाचा वापर चालेल, तेही मागच्या तारखेला लागू होईल असं!! हे मी वाचलेलं होतं तरी अण्णाच्या गाडीत बसून, दोन्ही बाजूला झाडं मागे पळत असताना परत आठवलं तेव्हा अंगावर काटा आला.

मारले गेले त्यांच्या कबरी उलू यामच्या चिनी दफनभूमीत आहेत. टेकडीच्या उतारावर, गवत गुडघ्यापर्यंत. आम्ही अण्णाच्या मागे मागे चाललो. चिनी कबरी म्हणजे मागे अर्धगोल कठडा, पुढे दगड, दगडावर उभी अक्षरं लाल रंगाने भरलेली. काहींचा रंग ताजा होता, काहींचा उडून नुसत्या खाचा राहिल्या होत्या. एका दगडापुढे जळलेल्या उदबत्त्यांच्या काड्यांचा जुडगा, बाजूला सुकलेल्या संत्र्याची साल, मुंग्या लागलेल्या. म्हणजे कोणीतरी येतं. सत्तर वर्षं उलटून गेली तरी येतं. अक्षर एकही वाचता येत नव्हतं मला आणि तरी मी प्रत्येक दगडापुढे थांबत होते. नवरा एरवी अशा ठिकाणी घड्याळ बघतो, तोही काही बोलला नाही. आईबाप, नातवंडं, कोणाचं कोण ते कळायला मार्ग नाही, आणि मला प्रचंड राग आला होता, कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

राग याचा की या लोकांना एक धड चौकशीसुद्धा मिळाली नाही. 1970 मध्ये त्याच तुकडीतल्या काही सैनिकांनी एका इंग्लिश पेपरला शपथेवर सांगितलं की पळण्याबिळण्याचं खोटं होतं. स्कॉटलंड यार्डकडे तपास गेला, निवडणुकीनंतर सरकार बदललं आणि तपास बंद. नातेवाईक लंडनच्या कोर्टात गेले. 2012 मध्ये हायकोर्टाने मान्य केलं की जाणूनबुजून ठार मारल्याकडे बोट दाखवणारा पुरावा आहे, पण चौकशी नको. 2015 मध्ये सुप्रीम कोर्ट, तिथेही नको, फक्त न्यायाधीश लेडी हेल यांनी वेगळं मत दिलं. 2018 ला युरोपच्या मानवी हक्क कोर्टानेही दार लावलं. इतका उशीर झाला, आता काय निष्पन्न होणार, हे एक कारण. उशीर केला कोणी?

उलू यामला 'लोह मी' नावाचं खाणं खाल्लं, तिथलं प्रसिद्ध आहे ते, जाड नूडल्स आणि काळा चिकट रस्सा, वरून व्हिनेगर. आम्ही पोर्क नको सांगितलं तर दुकानातल्या आजीने तोंड वाकडं केलं पण अंडं जास्त घालून दिलं. भांडं समोर आल्यावर अण्णा म्हणाला, माझी आई सांगायची, त्या वेळी कामावर जाताना डबा नेता यायचा नाही. हे खरं आहे. 1950 पासून ब्रिग्ज प्लॅनखाली जंगलाच्या कडेला राहणाऱ्या सुमारे पाच लाख लोकांना, बहुतेक सगळे चिनी, उचलून तारेच्या कुंपणात नव्या गावांत आणून बसवलं. फाटकावर झडती. तांदूळ मोजून. दुकानात डबाबंद खाणं विकताना डब्याला भोक पाडून द्यायचे म्हणजे ते टिकू नये आणि जंगलात लपलेल्या कम्युनिस्टांपर्यंत जाऊ नये. काही ठिकाणी कच्चा तांदूळच नाही, सरकारी चुलीवर शिजवलेला भात, कारण उष्म्याने तो लगेच आंबतो. भातावर एवढा विचार केलेला माणूस स्वतः किती जेवला असेल असं माझ्या मनात आलं, आणि घास उतरेना.

तिथून वर तंजुंग मालिमला गेलो. मार्च 1952 मध्ये गावाची पाण्याची पाइपलाइन दुरुस्त करायला निघालेल्या पथकावर कम्युनिस्टांनी हल्ला केला, बाराजण मेले, त्यात मायकल कॉडनर, जो महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून पळून सुटला होता. त्याचं दुःख मलाही आहे. पण नवीन आलेला हायकमिशनर, म्हणजे मलायातला सगळ्यात वरचा ब्रिटिश अधिकारी, जनरल टेम्पलर याने शिक्षा केली ती अख्ख्या गावाला, रोज बावीस तासांची संचारबंदी आणि तांदळाचं रेशन जवळपास निम्मं. घरोघर कागद वाटले, माहिती लिहा आणि सीलबंद पेटीत टाका. लोकांची मनं जिंकायची हे वाक्य याच टेम्पलरच्या नावावर आहे.

आणि हे सुरू केलं ते मजूर पक्षाच्या ॲटलीच्या सरकारने. त्याच सरकारने 1948 मध्ये घरी, ब्रिटनमध्ये, काय केलं? संवेदनशील सरकारी खात्यांतून कम्युनिस्टांना काढायचं जाहीर केलं. वाईटच, नोकऱ्या गेल्या, बदल्या झाल्या. पण पार्टी उघड चालू होती, पेपर निघत होता, संसदेत दोन खासदार बसत होते. मलायात मात्र कामगार संघटनांचा पुढारी गणपती, तमिळ माणूस, बंदूक जवळ सापडली म्हणून 4 मे 1949 ला पुडू जेलमध्ये फासावर. आपल्या सरकारने रदबदली केली होती, उपयोग झाला नाही. पुडू जेलच्या जागी आता मोठा मॉल आहे, जेलचं फाटक तेवढं ठेवलंय. मी तिथून लेकीला सँडल घेतले, हे कळलं नंतर.

फ्रेझर्स हिलबद्दल एकच सांगते, धुकं छान, खोलीला बुरशीचा वास, पैसे अवाच्या सवा. वर जायच्या वाटेवरच 6 ऑक्टोबर 1951 ला कम्युनिस्टांनी टेम्पलरच्या आधीच्या हायकमिशनरला, गर्नीला मारलं.

आपले लोक टूरबरोबर गेंटिंगला जातात, केबल कार, कसिनो, फोटो. बातांग कालीवरूनही वर गेंटिंगला रस्ता जातो. टूरवाल्याला म्हणा रस्ता चालू असेल तर गाडी त्या बाजूने घे आणि उलू यामला अर्धा तास थांबव. तो म्हणेल तिथे बघण्यासारखं काही नाही. भांडा त्याच्याशी, मी पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन जाणार आहे तेव्हा भांडणारच आहे.