वंशावळीची वही

पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाचा काळा बिल्ला आणि सोबत तशाच वेशातला आणखी एक मुलगा. अशी जोडी रस्त्यात दिसली की लोक म्हणतात, मॉर्मन आले. चर्चने 2018 साली हे टोपणनाव वापरू नका असं सांगितलं; पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. मी याच चर्चचा मिशनरी होतो. मुलांसाठी मिशन दोन वर्षांचं असतं. पगार नसतो, उलट खर्चाचा भार आपण आणि घरच्यांनी उचलायचा. कुठे जायचं हे आपण ठरवत नाही, ते सॉल्ट लेक सिटीहून कळतं. मला बेंगळुरू मिशन मिळालं, तेव्हा हैदराबाद त्यातच होतं, आणि मनिलातलं प्रशिक्षण संपवून 2019 साली मी हैदराबादला पोचलो.

मी पुण्याचा. आईवडील माझ्या जन्माआधी या चर्चमध्ये आले, आजी आली नाही. मराठी मुलगा यात कसा, असं कुणी विचारलं की मी ह्यू फिंडलेचं नाव सांगतो. हा स्कॉटिश मिशनरी 1852 साली मुंबईत उतरला, पुढे पुण्याला गेला आणि 1855 साली त्याने मराठी लोकांना उद्देशून एक पुस्तिकाही छापली. त्याच्या पदरात फारसं काही पडलं नाही. पण आमची ओळख इतकी जुनी आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मिशनवरचा दिवस घड्याळाला बांधलेला असतो. साडेसहाला उठायचं, व्यायाम, आंघोळ, धर्मग्रंथांचा अभ्यास, भाषेचा अभ्यास आणि दहाला बाहेर. रात्री नऊच्या सुमारास परत, साडेदहाला दिवे बंद. सोबतच्या मुलाला कंपॅनियन म्हणतात आणि त्याला सोडून एकट्याने कुठेही जायचं नाही. माझा कंपॅनियन राजमहेंद्रीचा होता. तेलुगू त्याची मातृभाषा, माझी मात्र अडखळत चालायची. घरोघरी तो बोलायचा, मी एखादं वाक्य जोडायचो आणि बराच वेळ हसऱ्या चेहऱ्याने बसायचो. मिशनवर कुणाला मोठं होताना पाहायचं असेल तर त्याला अशा बैठकीत पाहावं. ज्याला घरात सगळे हुशार म्हणतात, त्याला तिथे 'पाणी द्या' एवढंच नीट म्हणता येतं.

त्या दिवशी पहाटे बिशपांचा फोन आला. आमच्या चर्चमध्ये पगारी पाद्री नसतात. वॉर्डाचा, म्हणजे स्थानिक मंडळीचा, बिशप नोकरीधंदा सांभाळून हे काम करतो. काचीगुड्यातले एक ब्रदर, म्हणजे चर्चचे सदस्य, रात्री झोपेतच गेले होते. वय पन्नाशीच्या आत. हृदयविकार. "एल्डर, तुम्ही दोघं लगेच या. माणसं कमी आहेत," एवढंच म्हणाले. मिशनरी मुलांना एल्डर म्हणतात.

पाऊस रात्रभर पडून थांबला होता. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. आत पोचल्यावर पहिली कामं हातात आली ती साधीच. सोफा उचलून गॅलरीत ठेवला, शेजाऱ्यांकडून सतरंज्या आणल्या, खालच्या मजल्यावरून पाण्याच्या घागरी वर नेल्या. काचीगुडा, सुलतान बाजार या भागात जुनी मराठी वस्ती आहे, त्यामुळे जिन्यात मधूनच मराठी कानावर पडत होतं. घरात मात्र सगळं तेलुगूत चाललं होतं. ब्रदरांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, विजयवाड्याकडच्या, त्यांची माणसं भराभर जमत होती. आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, नऊवारी नेसलेली एक म्हातारी बसली होती. गेलेल्या माणसाची आई. यजमान गेल्यावर परभणीकडचं गाव सोडून ती मुलाकडे राहायला आली होती. तिच्याजवळ कुणी नव्हतं असं नाही. बायका येत, तिचा हात धरत, तेलुगूत काही बोलत आणि उठून जात.

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरला आणि म्हणालो, "आजी, दोन घोट घ्या."

तिने मान वर केली. "मराठी बोलायलास की रे. कोणत्या गावचं तू, लेकरा?"

पुण्याचा म्हटल्यावर तिने माझं मनगट धरलं. त्या घरात मराठी बोलणारा तिचा मुलगा एकटाच होता. नातवाला कळायचं, पण तो उत्तर हिंदीत द्यायचा. मुलगा गेला त्याबरोबर तिचं बोलणंच बंद झालं होतं. "माझ्या पोराचं काय करायलेत हे समदे? मला कुणीच काही सांगंना झालंय."

मी बिशपांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुम्ही त्यांच्याजवळ बसा, एल्डर. बाकीचं आम्ही बघतो." कंपॅनियन दारातल्या खुर्चीवर बसला, म्हणजे नियम राहिला आणि आजीजवळ मीही राहिलो. बाहेर काय ठरतंय ते तो मला हिंदीत सांगायचा, मी आजीला मराठीत सांगायचो. डॉक्टर येऊन गेले. दाखला मिळाला. नातवाला कॉलेजच्या हॉस्टेलवरून आणायला गाडी गेली.

शेजारणीने चहा पाठवला. आम्ही चहा-कॉफी घेत नाही. 1833 साली चर्चमध्ये आलेल्या उपदेशातून हा नियम झालाय. आजीने कप माझ्याकडे सरकवला आणि मी नको म्हणायच्या आत स्वतःच मागे घेतला. "तू बी नाही घेणार. त्यो बी घेत नव्हता." मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्यानं चहा सोडला ना, तवा मला वाटलं लेकरू मलाच सोडायलंय. सकाळी दोघं चुलीपुढं बसून प्यायचो आम्ही. गावी आला तरी पुन्हा कधी बसला नाही तसा."

आम्ही लोकांना किती आनंदाने सांगतो की अमक्याने चहा सोडला, तमक्याने सिगारेट सोडली. सभेत त्याच्या साक्षी होतात. दर आठवड्याच्या अहवालात किती नवे लोक शिकायला लागले, किती जण चर्चला आले, किती जणांची बाप्तिस्म्याची तारीख ठरली, हे सगळं भरलं जातं. एखाद्या घरात त्या निर्णयानंतर सकाळी चुलीपुढे एकच माणूस बसायला लागलं, हे मला पहिल्यांदा त्या म्हातारीच्या तोंडून ऐकायला मिळालं. तिच्या मुलाने केलं ते मनापासून केलं आणि त्याचं त्याला समाधान होतं, यात मला शंका नव्हती, आजही नाही. पण त्या समाधानाचा एक हप्ता ही बाई इतकी वर्षं भरत होती आणि तिच्याकडे कुणी पावती घेऊन गेलं नव्हतं.

दुपारी नांदेडहून जीप करून भाऊबंद आले. सगळ्यात पुढे तिचे धाकटे दीर. जिना चढतानाच आवाज चढला होता: पुरणार आहात की काय आमच्या पोराला? वहिनींकडची माणसंही उभी राहिली. ख्रिस्ती माणूस, दफनच व्हायला हवं, असं त्यांच्यातल्या दोघातिघांचं म्हणणं होतं. ती मंडळी दुसऱ्या चर्चची होती. खोलीत एकदम शांतता झाली आणि सगळ्यांनी बिशपांकडे पाहिलं.

बिशप दिवसा एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. बोलणं हळू, वाक्यं लहान. ते म्हणाले, आमच्या चर्चची दहनाला बंदी नाही. निर्णय घरच्यांचा. मग ते वहिनींकडे वळले. वहिनींनी डोळे पुसले आणि आतल्या खोलीकडे बोट केलं: "अत्तगारू म्हणतील तसं." अत्तगारू म्हणजे सासूबाई.

मी आजीला सांगितलं, तुम्ही सांगायचंय. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अग्नी द्या. त्याच्या बापाला दिला तसा." आणि लगेच पुढे, "पर त्याचं जे काय असंल देवाचं, ते बी करा. नाहीतर त्याला बरं वाटायचं नाही."

दीर तिथेच खाली बसले. भांडायच्या तयारीने आलेला माणूस गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला.

या पती-पत्नींनी काही वर्षांपूर्वी पैसे साठवून हाँगकाँगच्या मंदिरात सीलिंग केलं होतं. नवरा, बायको आणि मुलं मरणापलीकडेही एकत्र राहतात, त्या बंधनाचा हा विधी. असा विधी झालेल्यांना शेवटी मंदिरातले पांढरे कपडे घालतात. ते काम बिशप, तोवर येऊन पोचलेला मुलगा आणि आम्ही दोघं, अशा चौघांनी केलं. मृत शरीराला मी त्याआधी हात लावला नव्हता. बाही चढवताना हात वाकत नाही. बिशपांनी दाखवलं: बाही आधी पूर्ण गोळा करून आपल्या मनगटावर घ्यायची, त्यांचा पंजा आपल्या हातात धरायचा आणि बाही त्यांच्या हातावर उतरवायची. मुलगा तसं करत होता. बटणं लावताना त्याचे हात थरथरायला लागले, तेव्हा बिशप त्याला म्हणाले, "सावकाश. घाई नाही." बटणं त्यानेच लावली.

मग आजीला आत आणलं. तिने मुलाच्या गालावरून हात फिरवला, दिराने आणलेलं गोदावरीचं पाणी आणि तुळशीचं पान त्याच्या ओठांवर ठेवलं. बिशप दोन पावलं मागे सरले. पाणी टिपायला रुमाल त्यांनीच पुढे केला.

प्रार्थनेआधी थोडा वेळ मिळाला तेव्हा आजीने मला तो प्रश्न विचारला. "त्यो म्हणायचा, देवळात जाऊन बायकापोरांना कायमचं बांधून घेतलंय. मंग माझं काय? मी तर तुमच्यात नाही."

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. पण मला वहिनींनी सकाळी कपाटातून कागदपत्रं काढताना बाजूला ठेवलेली एक वही आठवली. आमच्या चर्चमध्ये पूर्वजांची नावं शोधून लिहून ठेवणं हे धर्मकार्य मानतात, कारण जिवंत माणसांनी मंदिरात जाऊन गेलेल्यांसाठीही विधी करायचे असतात. मी वही आणली. पहिल्या पानावर गेलेल्या ब्रदरांच्या हस्ताक्षरात, मराठीत, आईचं नाव. वर आजोबा, आजी, पणजोबा. काही चौकोन रिकामे.

"दिवाळीत विचारायलता मला," आजी म्हणाली. "माझ्या आजीचं नाव काय, तिचं माहेर कुठलं. मी म्हनलं, कशाला रं तुला?"

"सगळ्यांना जोडायचं होतं त्यांना. तुमच्यापासून सुरुवात केलीय."

तिने पानावर बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं तिला. "नाशकाला उपाध्यायाकडं असती वही. आमचे सासरे गेलते, तवा सात पिढ्या वाचून दाखवल्या त्यानं. तशी का ही?"

"तशीच, आजी."

नंतर मला कळलं की हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रं आमच्याच चर्चच्या वंशावळ संस्थेने घेऊन ठेवली आहेत. तिच्या प्रश्नात इतकं तथ्य होतं. तिला मात्र तेवढं एकच उत्तर पुरलं. ती उठली, पदर सावरला आणि सुनेशेजारी जाऊन बसली.

बिशपांनी तेलुगूत छोटी प्रार्थना केली. अंबरपेटच्या स्मशानभूमीत नातवाने अग्नी दिला. वहिनींकडच्या त्या दोघातिघांपैकी एक जण आला नाही, बाकीचे आले. आम्ही परतलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. अहवालात त्या दिवशी भरण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर आम्ही दोघांनी एक गोष्ट ठरवून टाकली. कुणी शिकायची इच्छा दाखवली की आधी त्याच्या घरी कोण कोण आहे ते विचारायचं आणि आईवडिलांना भेटून यायचं. त्यांना काय वाटतं ते ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही. यात वेळ जायचा. एक-दोघांच्या घरच्यांनी सरळ नको म्हटलं आणि आम्ही ते मानलं. आमच्या गटातल्या काही मिशनरींना हे पटलं नाही, आकडे घसरतात म्हणाले. मला ते आजही योग्य वाटतं.

काचीगुड्याला आम्ही पुढे जात राहिलो. आजी बोलायची आणि नातू वहीत लिहायचा. देवनागरी त्याला हिंदीमुळे येत होती. मराठी शब्द अडला की तो माझ्याकडे बघायचा, आजी त्याच्या पाठीत हलकी चापट मारून पुन्हा सांगायची. सून स्वयंपाकघरातून विचारायची, कुठवर आलं?

त्या वर्षी फेब्रुवारीपासून मिशनरींना दर आठवड्याला घरी फोन करायची परवानगी मिळाली होती. त्याआधी नाताळ आणि मातृदिन, बस. सोमवारी आईने फोन उचलला तेव्हा मी म्हटलं, आजीला दे. मिशनला निघालो तेव्हा आजी माझ्याशी नीट बोलली नव्हती. "जेवतोस का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं आणि विचारलं, "आजी, तुझ्या आजीचं नाव काय होतं?"

थोडं थांबून तिने नाव सांगितलं. मग तिचं माहेर जुन्नरकडचं, तिच्या चार बहिणी, त्यातली एक प्लेगात गेलेली. मी वहीत उतरवत होतो. फोनची वेळ संपत आली तेव्हा ती म्हणाली, आजोबांच्या बाजूचं पुढच्या सोमवारी सांगते.